कोकण किनाऱ्यासाठी सेकंडहँड स्पीडबोट घेताय? आधी तळ बघा, इंजिन नंतर

अलिबाग-किहीम साईडला घर झालं, दोन-तीन सीझन फेरीच्या रांगेत गेले, की स्वतःच्या बोटीचा विषय घरात निघतोच. मग जाहिराती बघणं सुरू होतं. फोटोत पांढरीशुभ्र बोट, मागे दोन दणदणीत इंजिनं आणि खाली लिहिलेलं असतं की टॉप स्पीड ४५ नॉट (ताशी सुमारे ८३ किमी), वापर फक्त १२० तास. नवीन माणूस या दोन आकड्यांवरच भाळतो. पण आपल्या समुद्रात ४५ नॉट मारता येतील असे दिवस फार थोडे, आणि त्या दिवशीही सकाळचे पहिले काही तास. खरा प्रश्न वेगळाच आहे. दुपारचे चार वाजलेत, वारा सुटलाय, ओहोटी लागलीय, बोटीत आईवडील आणि पोरं आहेत, अशा वेळी ही बोट २० नॉटच्या आसपासचा वेग धरून सगळ्यांना धडधाकट परत आणेल का? ज्या बोटीबद्दल याचं उत्तर हो येईल ती परफॉर्मन्स बोट, मग तिचा टॉप स्पीड ३५ का असेना.

मी खाली जे लिहितोय ते मुंबई हार्बर ते मुरुड या पट्ट्यासाठी, २२ ते ३० फुटी फायबर बोटींबद्दल. दाभोळ, मालवण किंवा गोव्याकडे घेणार असाल तरी बरंचसं तसंच लागू होतं.

पायरी १ : तुमचं पाणी कुठलं ते ठरवा

गेटवे ते मांडवा सरळ रेषेत साधारण आठ नॉटिकल मैल, म्हणजे २५ नॉटने वीसेक मिनिटं. हार्बरच्या आतल्या भागात आडोसा असतो, पण कुलाब्याच्या टोकाशी प्रॉन्ग्स दीपस्तंभाच्या खडकांच्या रांगेबाहेर आलात की पश्चिमेचा फुगवटा थेट अंगावर येतो. मुरुड-जंजिऱ्यापर्यंत जायचं तर अंतर चाळीस नॉटिकल मैलांच्या आसपास जातं आणि मध्ये खांदेरी-उंदेरी, थळचे खडक, रेवदंड्याची खाडी हे सगळं लागतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर येतं आणि लाट आत शिरते, तिथे लाट उभी राहते आणि फुटते. मांडव्यापुरती घेतलेली बोट रेवदंड्याच्या तोंडाशी चालेलच असं नाही.

आपल्याकडचा खवळलेला समुद्र नेमका कसा असतो हे समजून घ्या, कारण बोटीची निवड त्यावरच ठरते. पावसाळ्याचं सोडूनच द्या, जून ते ऑगस्ट गेटवे-मांडवा फेऱ्यासुद्धा बंद असतात, तेव्हा छोट्या बोटीने बाहेर पडायचंच नाही. आपला त्रास आहे तो उरलेल्या महिन्यांतल्या दुपारचा. सकाळी मतलई वारा, पाणी सपाट. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून जोर धरतो, आणि फेब्रुवारी ते मे तर जास्तच. त्यात उधाणाच्या दिवशी ओहोटीचा प्रवाह दोन-तीन नॉटने बाहेर पडत असतो. वारा आत, पाणी बाहेर, मग लाट उंच फार होत नाही पण आखूड आणि उभी होते. मीटरभर उंचीची, चार सेकंदांची लाट म्हणजे ऐकायला काहीच नाही वाटत, पण २५ नॉटने तिच्या समोरून जाऊन बघा, साधारण दर सव्वा सेकंदाला तळावर एक दणका बसतो. वीस मिनिटांत असे नऊशेच्या वर दणके. पाठीचा मणका, डेकखालचे फायबरचे जोड, बॅटरीची टर्मिनलं, सगळ्याचा हिशोब तिथे होतो.

तेव्हा पहिल्या दिवशी कागदावर चार गोष्टी लिहा: कुठून कुठे जाणार, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती माणसं, आणि बोट कुठे ठेवणार. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. बोट आठ महिने मूरिंगवर, म्हणजे नांगरलेल्या बोयाला बांधून, पाण्यातच राहणार की ट्रेलरवर, यावर इंजिनचा प्रकार ठरतो, खाली येईलच.

पायरी २ : तळाचा कोन

इथे घाई करू नका, बोटीचं सगळं चांगलंवाईट इथेच आहे.

बोटीच्या मागे उभे राहा, जिथे इंजिन बसतं तिथली उभी फळी म्हणजे ट्रान्सम. तिथे तळ मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना किती चढत गेलाय ते बघा. आडव्या रेषेशी होणारा तो कोन म्हणजे डेडराइज. सपाट तळाच्या बोटीत तो जवळपास शून्य, नेहमीच्या तळ्यात-धरणात फिरायच्या बोरायडरमध्ये १५ ते १९ अंशांच्या मधे कुठेतरी, आणि ज्याला डीप-व्ही म्हणतात त्यात २० च्या पुढे, २४ पर्यंत. कोन जितका जास्त तितकी बोट लाट कापत उतरते, कमी तितकी लाटेवर आपटते.

हा डीप-व्ही तळ आला अमेरिकेतून, रे हंट नावाच्या डिझायनरकडून. १९६० च्या मायामी ते नसाऊ शर्यतीत समुद्र चांगलाच खवळलेला असताना डिक बर्ट्राम यांनी हंटच्या डिझाइनची ‘मॉपी’ नावाची लाकडी बोट पळवली आणि जिंकली, आणि त्यातूनच पुढे फायबरची बर्ट्राम ३१ निघाली. तेव्हापासून आजपर्यंत उघड्या समुद्रात वेगाने जायच्या बहुतेक बोटींचा तळ त्याच विचारावर चाललाय. म्हणजे सांगायचं असं की यात काही नवीन टेक्नॉलॉजी नाहीये, जुनी बोटसुद्धा चांगला तळ घेऊन आलेली असू शकते, आणि सेकंडहँड घेणाऱ्यासाठी ही फार चांगली बातमी आहे.

माझं मत विचाराल तर आपल्या दुपारच्या पाण्याला २० अंशांच्या खाली जाऊ नका, २१-२२ असेल तर उत्तम. २४ ची बोट समोरच्या लाटेत सुंदर चालते पण त्याची किंमत मोजावी लागते: थांबल्यावर जास्त डोलते, प्लेनिंगला यायला, म्हणजे पाण्यावर चढून पळायला, जास्त ताकद लागते, पेट्रोल जास्त पिते. घरच्या लोकांना घेऊन खांदेरीजवळ थांबून मासे धरायचे असतील तर ते डोलणं त्रासदायक होतं. आणि एक सांभाळा, विकणारा कधीकधी नाळेकडचा, म्हणजे पुढचा कोन सांगतो. पुढे कोन बहुतेक बोटींना जास्तच असतो. आकडा मागायचा तो ट्रान्समचा. कंपनीचं जुनं ब्रोशर नेटवर मिळालं तर बघाच, नाहीतर बोट धक्क्यावर असताना मोबाईलचं लेव्हल ॲप कण्याच्या बाजूला तळाला लावा, मात्र बोट आडवी सरळ उभी आहे ना ते आधी तपासा आणि दोन्ही बाजूंचं माप घेऊन सरासरी काढा.

तळाला पायऱ्या असलेल्या, स्टेप्ड हलच्या बोटीही सेकंडहँडमध्ये येतात. त्याच इंजिनवर जास्त वेग आणि थोडी पेट्रोलची बचत, हे खरंय. पण वेगात असताना जोरात वळवल्या तर मागचा भाग सटकून बोट गर्रकन फिरू शकते. पहिलीच बोट असेल तर माझा स्पष्ट सल्ला, स्टेप्ड हल घेऊ नका.

वजन हाही तळाइतकाच महत्त्वाचा मुद्दा. एकाच लांबीच्या दोन बोटींत जड बोट लाटेत बरी चालते. हलकी बोट कागदावर वेगवान दिसते, पण लाटेवरून उडते आणि उडालेली बोट परत खाली येतेच. लांबीचं म्हणाल तर मांडव्यापुरतं २४ फूट ठीक, मुरुडपर्यंत नियमित जायचं तर २६ ते २८.

युरोपात विकायला बनलेल्या बोटीवर सीई प्लेट असते, ती शोधा. बी कॅटेगरी म्हणजे (ब्यूफोर्ट मोजपट्टीवर) ८ फोर्सपर्यंतचा वारा आणि ४ मीटरपर्यंतची लाट, सी म्हणजे ६ फोर्स आणि २ मीटर, डी म्हणजे शांत, आडोशाचं पाणी. आपल्याला निदान सी हवीच. पण प्लेट सांगते ती बोट तगेल का एवढंच, तुमची पाठ तगेल का ते सांगत नाही. त्याच प्लेटवर माणसांची संख्या लिहिलेली असते, ती पाळा, जाहिरातीत १२ सीटर म्हटलंय म्हणून १२ चढवू नका.

पायरी ३ : बोटीचा प्रकार

यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही. मधे कन्सोल आणि चहूबाजूंनी मोकळं डेक असलेली सेंटर कन्सोल बोट आपल्याकडे सगळ्यात कामाची, आत आलेलं पाणी लगेच बाहेर जातं, उभं राहून गुडघ्यात दणके झेलता येतात. पुढे छोटी केबिन असलेली, कडी (cuddy) म्हणतात ती बोटही चालेल. पुढे बसायला खड्डा असलेली बोरायडर शांत पाण्यासाठी, मोठी लाट नाळेवरून आत आली तर तो खड्डा पाण्याने भरतो. रिब, म्हणजे कडेला हवेच्या ट्यूब असलेली बोट, खवळलेल्या पाण्यात फार भरवशाची, पण ट्यूब कशाच्या आहेत ते विचारा, पीव्हीसीच्या असतील तर आपल्या उन्हात सांधे लवकर सुटतात, हायपालॉनच्या टिकतात.

लांबलचक, अरुंद, शर्यतीच्या छापाच्या बोटी दिसायला कितीही भारी असल्या तरी त्यातली हाय-परफॉर्मन्स पेट्रोल इंजिनं काही शे तासांत पूर्ण उघडावी लागतात. ते काम इथे करणारा माणूस शोधण्यातच सीझन जाईल.

पायरी ४ : इंजिन

मूरिंगवर बोट राहणार असेल तर आउटबोर्डच, म्हणजे ट्रान्समवर बाहेरून लटकणारं इंजिनच घ्या. आपल्याकडे बोटवाले ज्याला ओबीएम म्हणतात तेच. कारण साधं आहे, काम झालं की ते टिल्ट करून पाण्याबाहेर काढता येतं. स्टर्नड्राइव्हचा, म्हणजे इंजिन आत आणि गिअरचा पाय बाहेर अशा रचनेचा बराचसा भाग कायम पाण्यातच राहतो. मुंबईच्या कोमट खाऱ्या पाण्यात बार्नाकल, म्हणजे घट्ट चिकटणारे शिंपल्यासारखे जीव, किती पटापट चढतात ते कुठल्याही कोळीवाड्यात विचारा.

स्टर्नड्राइव्हवाली बोट स्वस्तात मिळते हे खरं, आणि ट्रेलरवर राहणार असेल तर विचार करायला हरकत नाही, पण मग या गोष्टी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. पाय आणि ट्रान्सम यांच्यामधले रबरी बेलोज शेवटचे कधी बदलले? ते फाटले तर बेअरिंग जातंच, वर उभ्या बोटीत पाणी शिरून ती बुडू शकते. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे धूर बाहेर नेणारे भाग, कधी बदलले? खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात ते आतून गंजतात आणि पाणी सिलिंडरमध्ये जातं, मग इंजिन गेलंच समजा. बिलं दाखवता येत नसतील तर बदललेले नाहीत असं धरून भावातून पैसे वजा करा. आणि पेट्रोलचं इनबोर्ड असेल तर स्टार्ट करायच्या आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवायची सवय, पहिल्या दिवसापासून, घरातल्या प्रत्येकाला. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, साठलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते.

आउटबोर्डमध्ये तासांचा आकडा बघताना थोडं डोकं लावा. घरगुती वापराच्या बोटीचे वर्षाला ५० ते १०० तास होतात. दहा वर्षांची बोट आणि ९० तास म्हणजे ती नुसती उभी होती, आणि खाऱ्या हवेत उभं राहिलेलं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा जास्त त्रास देतं. उलट ७०० तासांचं, दरवेळी गोड्या पाण्याने फ्लश केलेलं, सर्व्हिसची वही असलेलं इंजिन मी डोळे झाकून आधी बघायला जाईन. बहुतेक आधुनिक फोर-स्ट्रोकच्या कॉम्प्युटरमधून मेकॅनिकला लॅपटॉप लावून एकूण तास आणि कुठल्या आरपीएमला किती तास हे काढता येतं, मीटरवरच्या आकड्याशी ते जुळवून बघा. वॉटरस्पोर्ट्सच्या धंद्यात राबलेली बोट त्यातच ओळखू येते.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, करायलाच लावा. सगळ्या सिलिंडरचं रीडिंग एकमेकांच्या १० टक्क्यांत हवं, आकडा नेमका किती यापेक्षा एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पडलाय का हे जास्त महत्त्वाचं. मग गिअरकेसचा खालचा स्क्रू अर्धा सैल करून चमचाभर ऑइल हातावर घ्या. स्वच्छ असेल तर छान, दुधाच्या चहासारखं दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय. चिमटीत घेऊन चोळून बघा, कण लागले तर गिअर घासतोय.

दोन इंजिनं की एक, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्यासाठी मांडव्याच्या पलीकडे जाणाऱ्या बोटीला दोन. दोघांची टाकी आणि फिल्टरसुद्धा वेगळे असतील तर सोन्याहून पिवळं, कारण घाण पेट्रोलने बंद पडणारी इंजिनं जोडीनेच बंद पडतात. खर्चाचा अंदाज असू द्या, २५० एचपीचं एक पेट्रोल आउटबोर्ड फुल थ्रॉटलला तासाला ९० लिटरच्या आसपास पितं, आरामाच्या वेगात त्याच्या निम्म्यावर येतं. ब्रँडबद्दल एवढंच, यामाहा, मर्क्युरी, सुझुकी यांच्यापैकी ज्याचा मेकॅनिक तुमच्या जेटीपर्यंत खरोखर येतो आणि ज्याचा इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचं रबरी चाक) दोन दिवसांत मिळतो, ते घ्या.

पेट्रोलवरून आणखी एक. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, बोट महिना-दोन महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर वेगळा बसू शकतो आणि नेमका तोच इंजिनात जातो. जुन्या बोटीत रबरी नळ्यासुद्धा यासाठी बनलेल्या नसतात. तेव्हा वॉटर सेपरेटर फिल्टर आहे का बघा, त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून दहा मिनिटं ठेवा, खाली थर दिसला तर टाकी साफ करण्याचा खर्च धरा. डेकखालची ॲल्युमिनियमची टाकी गंजलेली निघाली तर डेक कापावं लागतं, तो खर्च लहान नसतो.

पायरी ५ : बोट धक्क्यावर चढवून बघा

पाण्यात तरंगणारी बोट बघून सौदा करू नये. बाहेर काढायचा खर्च तुम्ही द्या, पण काढायला लावा. खाली जुने कपडे घालून जा, एक चांगला टॉर्च, प्लास्टिकची हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर एवढं न्या.

हातोडीने ट्रान्समपासून सुरुवात करा. हलके ठोके, तीन-चार बोटांच्या अंतरावर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. घट्ट फायबर आणि सुकं लाकूड असलं की आवाज टणक येतो आणि हातोडी उसळून परत येते. जिथे आवाज अचानक बसका येतो आणि हातोडी तिथेच थांबल्यासारखी वाटते, तिथे खडूने खूण करा. आत प्लायवूड कुजलंय किंवा थर सुटलेत. अशा खुणा सहसा ड्रेन होलभोवती, इंजिनच्या बोल्टभोवती आणि सेन्सरच्या पट्टीजवळ सापडतात, कारण पाणी शिरायला तिथेच वाट असते. मग मालकाला विचारून ट्रान्समच्या खालच्या भागातला एखादा छोटा स्क्रू काढा. भोकातून तपकिरी पाणी ओघळलं किंवा स्क्रूला ओला भुसा चिकटून आला, तर फळी आतून गेलीय. आता इंजिन अर्धं टिल्ट करून दोघांनी त्याचा खालचा पाय धरून वर-खाली जोर द्या आणि तिसऱ्याने ट्रान्सम बघा, तो वाकता कामा नये. बोल्टचे वॉशर फायबरमध्ये रुतलेले दिसले तरी तोच अर्थ. ट्रान्सम नवा करणं म्हणजे इंजिन उतरवण्यापासूनचं काम, बहुतेक वेळा अशी बोट सोडून द्यावी हे बरं.

मग तळाकडे. वेगात लाटेचा मार बसतो तो मुख्यतः पुढच्या अर्ध्या भागावर, तिथे टॉर्च तिरका धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल फाकलेल्या रेषा म्हणजे कशावर तरी आदळलीय, एकमेकींना समांतर लांब रेषा म्हणजे आतल्या स्ट्रिंगरच्या, म्हणजे तळाला लांबीने आधार देणाऱ्या दांड्यांच्या, कडेने तळ सारखा वाकतोय. ही दुसरी जात जास्त वाईट. डेकवरचं प्रत्येक झाकण उघडून आत डोकं घाला आणि स्ट्रिंगर तळाला जिथे फायबरने बांधलेत ती पट्टी सुटलीय का बघा, शंका आली तर स्क्रूड्रायव्हरचं टोक कडेने फिरवा, ते आत सरकलं की कळतंच. एखाद्या भागाचा रंग किंवा चकाकी जरा वेगळी दिसली तर तिथे रिपेअर झालीय. रिपेअर हा काही गुन्हा नाही, चांगली केलेली असली तर चालते, पण विचारल्यावर मालकाने सांगितली पाहिजे.

आपल्याकडचा एक खास रोग सांगतो. पावसाळ्यात बोटी बाहेर काढून नीट क्रेडल, म्हणजे तळाच्या आकाराचा आधाराचा सांगाडा, नसलं की टायरवर नाहीतर चार ओंडक्यांवर ठेवतात, तीन-चार महिने सगळा भार त्या दोन-चार जागांवर. असे काही पावसाळे गेले की तळाला खळगा पडतो. मागच्या भागात, कण्याला समांतर, लांब सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी लावून बघा. मधे फट दिसली तर तळ आत वळलाय, आणि असा तळ वेगात नाळ खाली दाबतो, नेमकी जी गोष्ट आपल्या लाटेत नको असते तीच.

शेवटी ॲनोड, म्हणजे इंजिनला आणि ट्रिम टॅबला (ट्रान्समखालच्या, वर-खाली होणाऱ्या पट्ट्यांना) लावलेले जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे बघा. अर्धे झिजलेले असले तर ते काम करतायत. दोन सीझन जुने आणि तरी नवेकोरे असले तर कुणीतरी वरून रंग फासलाय किंवा वायरची जोडणी तुटलीय, म्हणजे इतके दिवस इंजिनचाच धातू खाल्ला जात होता. न्यूट्रलला पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने फिरवा, मधला दांडा डगमगताना दिसला तर तो वाकलाय. डोल जाळ्यांच्या दोऱ्यांत अडकलेल्या बोटींना हे होतं, दोरीचे धागे पंख्यामागे सीलपर्यंत गेलेत का तेही बघा.

हे सगळं स्वतः केल्यावरसुद्धा मरीन सर्व्हेअर लावा, तुमचा स्वतःचा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि इंजिनसाठी मेकॅनिक वेगळा.

पायरी ६ : समुद्रावरची ट्रायल

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी यायच्या आधी इंजिन चालू करायचं नाही. पोचल्यावर पहिलं काम इंजिनला हात लावून बघायचं. गार हवं. गरम असेल तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

ट्रायलची वेळ तुम्ही ठरवा, आणि ती दुपारी तीननंतरची ठरवा. सकाळी आठला सपाट पाण्यात सगळ्याच बोटी चांगल्या वाटतात. मात्र अतिरेक नको, ‘इन्कॉइस’ या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा, वारा १२ ते १५ नॉट असलेला दिवस पुरतो. बरोबर एखादा जाणता तांडेल घ्या. आणि ट्रायल फेरीच्या वाटेपासून लांब, मोकळ्या पाण्यात. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी फेरीबोटीला नौदलाची जी स्पीडबोट धडकली ती इंजिनच्या ट्रायलवरच होती, त्यात माणसं गेली. आणि खडकांचं म्हणाल तर ऑक्टोबर २०१८ मध्ये शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली स्पीडबोट खडकाला आदळून बुडाली, त्यातही एकाचा जीव गेला. अनोळखी बोट, अनोळखी थ्रॉटल, तेव्हा सगळ्यांच्या अंगात लाइफजॅकेट आणि चालवणाऱ्याला किल स्विचची, म्हणजे तो पडला तर इंजिन बंद करणारी, दोरी बांधलेलीच हवी.

बोटीत तुम्ही नेहमी नेणार तेवढीच माणसं आणि निदान अर्धी टाकी पेट्रोल घ्या. दोन माणसं आणि रिकामी टाकी घेऊन दाखवलेला वेग काही कामाचा नाही. आधी आडोशाच्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आरपीएम बघा, कंपनीने दिलेल्या रेंजमध्ये, समजा ५००० ते ६००० दिली असेल तर त्याच्या वरच्या निम्म्यात जायला हवं. ४६०० ला अडकलं तर पंखा चुकीचा आहे, तळावर बार्नाकल आहेत, बोट पाणी पिऊन जड झालीय किंवा इंजिन थकलंय. कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग लाटेत. समोरून घ्या, १५ नॉटने, मग १८, मग २२, ट्रिम टॅब खाली घेऊन नाळ दाबून बघा. कुठल्या वेगाला बोलणं बंद होऊन सगळे कठडा धरतात तो वेग वहीत लिहा, तुमच्यासाठी या बोटीचा खरा टॉप स्पीड तो. एकदा डेकवर उघड्या पायाने उभे राहा. चांगली बोट दणक्याला एकच भरीव आवाज करते. दणक्यानंतर पायाखाली कंप राहिला, खालून कुरकुर आली, कन्सोल हलला, तर आतले जोड ढिले आहेत. आता लाट कडेला घ्या आणि बघा फवारा तोंडावर येतोय का, बोट एका बाजूला कलून राहतेय का.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा लाट मागून असताना. मांडव्याकडे परतताना, खाडीत शिरताना ही वेळ हमखास येते. काही बोटी लाटेच्या पाठीवरून उतरताना नाळ पुढच्या लाटेत खुपसतात आणि मग एका बाजूला ओढतात, सुकाणूला दाद देत नाहीत. नाळ थोडी वर ट्रिम करून, लाटेच्या वेगाशी जुळवून घेतल्यावर बोट सरळ जायला हवी. नाही गेली तर तिथेच विषय संपला, भाव कितीही कमी केला तरी.

परत आल्यावर इंजिन बंद करायच्या आधी आउटबोर्डमधून पाण्याची धार जोरात येतेय ना ते बघा, आणि बंद केल्यावर बिल्जचं झाकण काढा. निघताना कोरडं होतं आणि आता पाणी आहे? चाखून बघा, खारं असेल तर कुठून आलं ते शोधायचं. पेट्रोलचा वास येत असेल तर बोट बांधून ठेवा, परत चालू करू नका.

पायरी ७ : कागद

महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचं रजिस्ट्रेशन, सर्व्हेचं सर्टिफिकेट, विमा, आणि बोट आयात झालेली असेल तर कस्टम्सचे कागद. मालकाचं नाव विकणाऱ्याचंच आहे ना, बँकेचं कर्ज बाकी नाही ना, इंजिनचे सीरियल नंबर कागदाशी जुळतात ना. ट्रान्समवर उजव्या बाजूला हल नंबर कोरलेला असतो, त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. जाहिरातीत २०१६ आणि तिथे ११ असं निघालं तर पाच वर्षांचा भाव कमी करायचा. ट्रान्सफरची चौकशी पैसे देण्याआधी स्वतः बोर्डाच्या बंदर कार्यालयात जाऊन करा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

पायरी ८ : पैसे आणि वेळ

हातातले सगळे पैसे बोटीत घालू नका. बजेटचा पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवा, पहिल्या वर्षात इम्पेलर, नळ्या, बॅटऱ्या, अँटीफाउलिंग (बार्नाकल रोखणारा रंग), सुकाणूचं हायड्रॉलिक यात तो जातोच. त्यातूनच आधी हे घ्या: फिक्स बसवलेला व्हीएचएफ रेडिओ, मदत मागायच्या चॅनेल १६ साठी, दोन बिल्ज पंप, त्यातला एक आपोआप चालू होणारा, मापाची लाइफजॅकेटं, पोरांची वेगळी, आणि पुरेशी साखळी असलेला नांगर, कारण इंजिन बंद पडल्यावर खडकावर जाण्यापासून तुम्हाला तोच थांबवतो. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर कन्सोलवर चिकटवा. म्युझिक सिस्टीम पुढच्या वर्षी.

घ्यायची उत्तम वेळ एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्याचं बाहेर काढणं, क्रेडल, ताडपत्री हा खर्च विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे भाव खाली येतो, आणि वारा असल्यामुळे तुम्हाला खरी ट्रायलही मिळते. टोकन द्याल तेव्हा साध्या कागदावर लिहून घ्या की सर्व्हे आणि समुद्रावरची ट्रायल समाधानकारक झाली नाही तर टोकन परत. जून-जुलैमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली बोट कुणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी फक्त टोकनवर थांबा आणि बाकीचे पैसे ट्रायलनंतर, म्हणजे सप्टेंबर उजाडल्यावर द्या. विकणारा त्याला तयार नसेल तर दुसरी बोट बघा, मुंबई-गोव्यात दर सीझनला विकायला येतात.